दुखत नाही, म्हणून दाखवलं नाही

दाढ ठणकली की आपण दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो. पण ज्या आजारात काहीच दुखत नाही, त्याचं काय? नगर जिल्ह्यात बातम्या करताना कुष्ठरोगाबद्दल एक वाक्य मी अनेकदा ऐकलंय, "चट्टा होता, पण दुखत नव्हता. मग कशाला दाखवायचं?" या वाक्यामागचा इतिहास आज सांगतो.

नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला. तरी पुढं कित्येक वर्षं समज हाच, की या रोगात बोटं आपोआप सडून गळतात. इंग्रज सरकारनं १८९८ मध्ये कायदाच केला, रोग्याला वेगळं डांबायचा. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं!

१९४६ साली डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या रुग्णालयात आले. जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. त्यांनी रुग्णांच्या जखमांचा माग काढला. कुणी चुलीवरचं भांडं उघड्या हातानं उचलायचा, कुणाच्या पायाला दिवसभर खिळा टोचायचा, कुणाची बोटं रात्री उंदीर कुरतडायचे. कुणालाच काही कळायचं नाही. जंतू मज्जातंतू निकामी करतो, वेदना थांबते, आणि मग हातपाय रोजच्या कामातच झिजतात, हे ब्रँड यांनी जगाला दाखवलं.

कारण दुखणं शेवटी मेंदूत ठरतं. कातडीतल्या तंतूंना इजा कळते, निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूकडं जातो. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं, की कण्यात जणू एक फाटक असतं आणि स्पर्शाचे निरोप वेदनेला तिथं अडवू शकतात. पडलेल्या पोराचा गुडघा आई चोळते, त्याला बरं का वाटतं, हे त्यातून उलगडतं. पुढं डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीतल्या तिखट द्रव्यावरून उष्णता ओळखणारा ग्राहक शोधला, तर पटापुटियन यांनी स्पर्श ओळखणारा. दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं.

ब्रँड यांनी नंतर अमेरिकेत कृत्रिम वेदनेचाही प्रयोग केला. हातमोज्यात दाब मोजणारी यंत्रं, धोका झाला की आवाज. रुग्ण आवाजाकडं दुर्लक्ष करायचे. मग विजेचा झटका ठेवला, तर काम उरकायला ते यंत्रच बंद करायचे. शेवटी तो नाद सोडावा लागला.

आता आपल्या दाराशी या. दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, म्हणून २००५ अखेर देशानं कुष्ठरोग दूर झाल्याचं जाहीर केलं. लोकांना वाटलं, रोग संपला. पण रुग्ण आजही सापडतात. पाथर्डी-शेवगावचे ऊसतोड मजूर हंगामात बाहेर असतात. तेव्हा तपासणी आली, तर घराला कुलूप. आणि बधिर हातात कोयता असेल तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. मधुमेहातही पाय असेच बधिर होतात बरं का.

सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, सहा किंवा बारा महिन्यांचं. वेळेत घेतलं तर अपंगत्व टळतं. तेव्हा आशाताई दारात आल्या की "आमच्यात नाही कुणी" म्हणून परत पाठवू नका. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर उद्याच दाखवा. तोडीला गेलेल्या आपल्या माणसांनाही फोन करून सांगा.