कीटकनाशक विषबाधा (बुलढाणा जिल्हा)

पिकांवर वापरलेल्या कीटकनाशकांमुळे शेतकरी, शेतमजूर व वन्यजीव यांना होणारा अपाय. बुलढाणा हा पश्चिम विदर्भातील कापूस, सोयाबीन व तुरीचा जिल्हा असून येथे हा धोका मुख्यतः कपाशीच्या फवारणीतून येतो.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेकडो जणांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम व बुलढाणा या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि दोन मिश्र कीटकनाशके यांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली. ती आली तेव्हा फवारणीचा मुख्य हंगाम सरत आला होता. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर व तोंडावर येत होता. बोंडअळी दाद देत नसल्याने दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. उकाड्यात हातमोजे व मास्क घालून दिवसभर पंप चालवणे मजुराला जमत नाही, हेही विषबाधेमागचे खरे कारण आहे.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे त्वचेतून व श्वासातून शरीरात जातात आणि मज्जातंतूंचे संदेश थांबवणारे कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. लाळ, घाम, बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे आणि शेवटी श्वास अडणे असा क्रम दिसतो. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा आहे. सर्वच कीटकनाशकांवर तो लागू पडत नाही. म्हणून रुग्णासोबत औषधाचा डबा दवाखान्यात नेणे अत्यंत महत्त्वाचे ठरते. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यासाठी 2005 पासून मनाई होती. 2023 मध्ये केंद्र शासनाने त्याचे 36 टक्के द्रावणही बंद केले.

जिल्ह्यातील ज्ञानगंगा व अंबाबरवा या अभयारण्यांच्या कडेला शेती आहे. औषध लावलेले बियाणे मोर व तितर टिपतात. उंदरांसाठी टाकलेले ब्रोमॅडिओलोन मेलेल्या उंदरामार्फत घुबड व रानमांजरापर्यंत पोहोचते. बांधावरचे पाणवठे दूषित झाले, तर बिबट्या, अस्वल व नीलगाय यांनाही धोका होतो.

चोरून लावलेले गांजाचे पीक मात्र वर सांगितलेल्या बंदी-मनाईच्या नियंत्रणाबाहेर राहते. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने विनापरवाना लागवडीस मनाई असल्याने तूर-कपाशीत लपवलेल्या झाडांवर काय फवारले, काढणीपूर्वी किती दिवस थांबले, हे कोणीच तपासत नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातील जंगलांत अशा चोरट्या लागवडीभोवती उंदीरनाशके सापडली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या 58 मृत फिशर या छोट्या मांसाहारी वन्यप्राण्यांपैकी 46 प्राण्यांच्या शरीरात ती आढळली. ओढणाऱ्याचा धोका वेगळा आहे: 2013 च्या एका प्रयोगात गांजावरील कीटकनाशकाचा 69.5 टक्क्यांपर्यंत अंश धुरात उतरल्याचे दिसले.