रात्री उजळणारे ढग

बर्लिन, जून १८८५. दोन वर्षांपूर्वी क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हापासून युरोपातल्या संध्याकाळी भडक लाल व्हायच्या आणि सूर्य मावळल्यावरही आकाश न्याहाळायची लोकांना सवय लागली होती. अशात उत्तरेला क्षितिजाजवळ निळसर-चंदेरी, लाटालाटांचे ढग दिसले. बाकीचे ढग काळे पडलेले, हे मात्र उजळलेले! जमिनीवर रात्र झाली तरी खूप उंचावर ऊन अजून पोचत होतं.

खूप म्हणजे किती? ओटो येसे या खगोल-अभ्यासकाने ते मोजायचं ठरवलं. १८८७ मध्ये त्याने या ढगांचे फोटो काढले. मग १८८९पासून एकमेकांपासून दूर कॅमेरे लावून एकाच क्षणी फोटो. मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत ढग किती सरकलेला दिसतो, त्यावरून त्रिकोणमिती. दोन सर्व्हरची घड्याळं जुळवताना आमची दमछाक होते; इथे तर काचेच्या प्लेटा आणि सतत आकार बदलणारा ढग. उत्तर आलं सुमारे ८२ किलोमीटर. आजची उपकरणंही जवळपास तेच सांगतात.

हे ढग म्हणजे क्राकाटोआची धूळ, हा संशय मात्र टिकला नाही. ते बर्फाचे कण आहेत. तिथलं तापमान उणे १२० अंशांच्याही खाली जातं, आणि तेही उन्हाळ्यातच.

मुंबई-पुण्याहून ते दिसत नाहीत. पण मिथेनपासून तिथे वर पाण्याची वाफ बनते आणि त्यामुळे हे ढग पूर्वीपेक्षा ठळक झाले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मिथेन गुरांच्या गोठ्यातून निघतो, भातखाचरांतूनही.