बीबीएसचा इंटरनेट पत्ता: आकडे नकोत, नाव द्या

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत नाक्यावर सूचनांचा फळा असतो. बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे बीबीएस, हा तसाच फळा, पण संगणकावरचा. पहिला १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी सुरू केला. तेव्हा त्याचा पत्ता म्हणजे टेलिफोन नंबर. नंबराचा भरवसा किती, हे मुंबईकरांना सांगायला नको. सात आकडी नंबरांपुढे २ लागला आणि पाट्या-पत्रकांवरचे जुने नंबर निकामी झाले.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. जगभरचे बीबीएसही फोनवरून टेलनेटकडे वळू लागले. फिडोनेट या बीबीएसच्या जुन्या जाळ्याच्या सूचीत आयपी क्रमांक फोनच्याच रकान्यात '०००-' जोडून बसवण्याची पद्धत होती. पुढे नावासाठी स्वतंत्र खूण आली, ते बरे झाले. कारण घरगुती जोडणीचा आयपी क्रमांक कायमचा नसतो. राउटर बंद करून चालू केला तरी बदलू शकतो. छापलेली सूची जुनाच आकडा दाखवत राहते आणि लोक समजतात, बोर्ड बंद पडला.

म्हणून सूचीत डोमेन नावच द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आकडा बदलला तर डीएनएसमध्ये एक दुरुस्ती पुरते. डायनॅमिक डीएनएस ती आपोआप करते. '.इन' नावांची नोंदणी २००५ मध्ये निक्सीकडे जाण्यापूर्वी अंधेरीशेजारच्या जुहूतील एनसीएसटी पाहत असे, हे आपल्या उपनगरांतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

नावासोबत पोर्टही लिहावा. टेलनेटचा ठरलेला पोर्ट २३. तोच असेल तर नाही लिहिला तरी चालतो, दुसरा असेल तर न लिहिणे म्हणजे खोली क्रमांकाशिवाय चाळीचा पत्ता देणे. मराठी पत्रकातही पत्ता रोमन लिपीतच छापावा, नाहीतर स्पेलिंगचा घोळ होतो. '.भारत'मधले देवनागरी नाव घेतले असेल तर गोष्ट वेगळी. छापण्याआधी पत्ता घरच्या वायफायवरून नव्हे, मोबाइल डेटावरून उघडून पाहावा.

आणि नाव नोंदवताना ते मंडळाच्या ईमेलवर नोंदवा. एकाच कार्यकर्त्याच्या खात्यावर असले आणि तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, तर नूतनीकरणाची सूचना त्यालाच जाते, मुदत संपते आणि ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.