नोंदवही कुणाच्या हाती?

परवा नातवाला विचारलं, "दिवसभर सर्व्हर सर्व्हर करतोस, त्यात सांभाळायचं काय असतं रे?" म्हणाला, "आजोबा, लॉग फाईल. कोण आलं, कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, काय मागितलं, सगळं त्यात ओळीने लिहिलं जातं." म्हटलं, अरे, हे तर आमचं जनरल रजिस्टर!

मंडळी, शाळेचं जनरल रजिस्टर कायम जतन करायचं असतं. त्यातली जन्मतारीख किंवा जात बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. रजिस्टर माझ्या ताब्यात होतं तेव्हा एक पालक मुलाचं वय वर्षाने कमी करून मागायला आले. घरोब्याचे. मी हात जोडून नाही म्हणालो. पुढे कित्येक वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

या नोंदींचं मोल २०२३ साली सगळ्या मराठवाड्याने पाहिलं. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि जुने महसुली कागद, शाळांची रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. आमचं मुदखेड सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या काळचे कागद कुठे उर्दूत, कुठे मोडीत. वाचणारे शोधावे लागले. एकेका शब्दावर घराघरांचं भवितव्य अवलंबून. तो शब्द मधल्या काळात कुणी खोडला किंवा घुसवला असता तर?

संगणकवाल्यांनाही ही काळजी पहिल्यापासून होती. युनिक्स प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच फाईलची परवानगी बदलण्याची आज्ञा आहे. तिचं आजचं गणित चौथीच्या पोराला जमेल : वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. एक आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. लॉगला ६४० दिलं की मालक वाचतो आणि लिहितो, गट फक्त वाचतो, इतरांना दार बंद. आलेल्यांचे पत्ते त्यात असतात, ते चव्हाट्यावर कशाला?

१९९५ साली आलेला अपाची सर्व्हर सुरू होताना 'रूट' हा सर्वाधिकारी स्वतः लॉग उघडतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांची कामं मात्र कमी अधिकाराच्या वापरकर्त्याकडून करवतो. त्यामुळे चोर संकेतस्थळाच्या वाटेने शिरला तरी त्या अधिकारात त्याला आपली पावलं पुसता येत नाहीत. पण लॉगचं फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळं ठेवलं, तर वहीच्या वही बदलता येते. वहीला कुलूप आणि कपाट उघडं, तसं! आपल्याकडे एप्रिल २०२२ च्या सरकारी निर्देशांनी हे लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक केलं.

थोडक्यात काय, ज्याची नोंद होते त्याच्या हाती लेखणी नको. आणि गरज असेल त्याला वाचायला मात्र मिळावं.

ते पालक आता नाहीत. गेल्या वर्षी त्यांचा मुलगा रस्त्यात भेटला, शाळेतून निर्गम उतारा घेऊन निघाला होता. "सर, तुमचंच अक्षर आहे," म्हणाला. मी चष्मा लावून पाहिलं. कुठे खाडाखोड नव्हती.

असो.