अपशब्दाचा अर्थ आणि उच्चारणाऱ्याचे दायित्व : मुंबई ते ॲडलेड, 2007–08

14 ऑक्टोबर 2007 रोजी नागपूर येथे भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्धची एकदिवसीय मालिका गमावली. तीन दिवसांनी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताचा जय झाला खरा. परंतु काही प्रेक्षकांनी आफ्रो-कॅरिबियन वंशाचा खेळाडू अँड्र्यू सायमंड्स याच्यापुढे माकडचेष्टा केल्या. तत्पूर्वी वडोदऱ्यासही हाच प्रकार घडला होता. याचे समर्थन पुढे भाषेच्या आधारे करण्यात आले : हनुमंताची उपासना करणाऱ्या देशात ‘माकड’ ही वांशिक शिवी कशी ठरेल?

हा युक्तिवाद अर्धाच खरा होय. मराठीत खोडकर मुलास माकड म्हणताना त्यात कौतुकही असते. तथापि एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वंशविचाराने कृष्णवर्णीयांस वानरांच्या निकट बसविले, आणि सायमंड्सच्या कानी पडणाऱ्या शब्दास हाच इतिहास चिकटलेला होता. धर्माबादसारख्या, मराठी, तेलुगू व उर्दू यांचा नित्य संपर्क असलेल्या सीमावर्ती गावी कोणता शब्द कोणासमोर उच्चारू नये हे पोरासोरांनाही कळते. मग क्रीडांगणावरील प्रौढांच्या अजाणतेपणावर कितपत विश्वास ठेवावा?

जानेवारी 2008 मधील सिडनी कसोटीत हरभजनसिंगने आपणास ‘मंकी’ म्हटले, असा आरोप सायमंड्सने केला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. पंचांच्या चुकांनी गाजलेला हा सामना भारताने 122 धावांनी गमावला होता. एकच संघ खेळाच्या वृत्तीने खेळला, असे कर्णधार अनिल कुंबळे त्याच सायंकाळी म्हणाले. पराभवाच्या या क्षोभात एका व्यक्तीच्या उच्चाराचा प्रश्न राष्ट्राच्या मानापमानाचा झाला. नेमके काय उच्चारले गेले, याची चौकशी मागे पडली.

याच सामन्यात ब्रॅड हॉगने भारतीय खेळाडूंना ‘बास्टर्ड’ म्हटल्याची तक्रार होती. ऑस्ट्रेलियात हा शब्द सलगीनेही वापरतात. भारतीय कानास तो जन्मावरील घाला वाटतो. म्हणजे दोन्ही पक्षांजवळ मातृभाषेची एकच ढाल होती! पर्थच्या सामन्यापूर्वी कुंबळे यांनी ही तक्रार मागे घेतली.

29 जानेवारीस ॲडलेड येथे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे अपील चालले. हरभजनने उच्चारली ती आईवरील हिंदी शिवी होती, तिच्यातील ‘माँ की’ हा ध्वनी ‘मंकी’ असा ऐकला गेला, असा बचाव मांडण्यात आला. घटनेच्या वेळी दुसऱ्या टोकास फलंदाजी करणाऱ्या सचिन तेंडुलकरची साक्ष येथे महत्त्वाची ठरली. ध्वनिसाम्याचा हा मुद्दा भाषाशास्त्रदृष्ट्या असंभाव्य नाही. पण वांशिक शिवीच्या आरोपातून सुटण्यासाठी आईवरील शिवी पुढे करावी लागली, हे विलक्षण. वांशिक आरोप सिद्ध झाला नाही. अपशब्दाबद्दल निम्मे सामना-मानधन दंड झाला. हरभजनच्या पूर्वीच्या अपराधांची संपूर्ण नोंद निर्णयापूर्वी न्यायमूर्तींपुढे आलीच नव्हती. या चुकीचा लाभ मिळाला म्हणून त्याने स्वतःस सुदैवी मानावे, असे हॅन्सन यांनी निर्णयात नमूद केले.