दोन मिलिमीटरचा इतिहास

मंडळी, गेल्या रविवारी घाटकोपरच्या मित्राच्या जुन्या पॅलिओसाठी अलॉय व्हील्स बघायला कुर्ल्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "साब, बैठ जाएगा!" पहिला बोल्ट मस्त बसला... समोरचा मात्र तिरका!

भानगड अशी. चार बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास पॅलिओत 98 मिमी, या चाकात 100. म्हणजे प्रत्येक भोक फक्त 1 मिमी बाहेर. पण पहिला बोल्ट आवळला की समोरच्याची चूक दुप्पट. त्याचं निमुळतं तोंड एकाच कडेला टेकतं आणि गाडी पळताना सैल होऊ शकतं.

हे 98 आलं कुठून? फियाटचं घराणं! 1966 च्या 124 स्पायडर या देखण्या स्पोर्ट्स कारलाही 98च. तीच परंपरा 2001 साली आलेल्या आपल्या पॅलिओपर्यंत पोचली. सुरुवातीच्या फोक्सवॅगन गोल्फचं माप 100 होतं. आणि जपानी गाड्यांचं ते विचित्र 114.3? चक्क साडेचार इंच! इंच गेले, माप राहिलं. आमच्या भाषेत लेगसी कोड.

स्पायडरवाले हौशी लोक अशा वेळी सरकत्या कॉलरचे बोल्ट किंवा अ‍ॅडॅप्टर लावतात. पण मित्राची लेक मागच्या सीटवर बसते. चाकं तिथेच ठेवून आलो. असो, आता 98 चीच शोधतोय.