माहेरच्या पत्त्यावर

आजीच्या ट्रंकेतलं सगळ्यात वरचं पोस्टकार्ड घ्या. आजी नव्हतीच तेव्हा ती, १७ वर्षांची सून होती. वेळापूरच्या सासरहून आईला लिहीत होती. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत, इटलीच्या आघाडीवर. 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष' एवढं वाचलंत? बस्स. आता चला माझ्याबरोबर, १९४५ च्या चैत्रात.

पाय भाजला ना? पायात काही नाही तुमच्या, आणि फुफाटा घोट्यापर्यंत आहे. सांभाळा, मागून बैलगाडी येतेय. अर्धनारीनटेश्वराचं लग्न आहे, पंचक्रोशी देवळाकडे लोटलीय. हलगी थेट कानाशी कडाडते. हळद, गूळ, वंगण, घामेजलेली मुंडाशी, सगळ्यांचा मिळून एकच वास नाकात घुसतो. कुणाचं कोपर बरगडीत, कुणाचं पोर तुमच्या पायावर. शेजारच्या पोरानं नव्या भोकाच्या पैशांची माळ करदोट्यात ओवलीय, ती खुळखुळतेय.

आणि ती पाहा! डोक्यावरचा पदर दातांत धरून कुंडाच्या पायऱ्या चढणारी. लुगड्याला खांद्यापाशी ठिगळ आहे, कापडाचा तुटवडा घरोघरी. नणंदेच्या कानात काहीतरी सांगून ती अशी खळखळून हसते की पुढच्या म्हाताऱ्या वळून बघतात. ही तुमची आजी. तुम्ही तिला कधी दात दिसेपर्यंत हसताना पाहिलंय?

मग गाभाऱ्यात गारवा लागतो आणि तिचं हसू थांबतं. शिव-पार्वती एकाच पाषाणात, अंगाला अंग लावून. ती बराच वेळ हात जोडून उभी राहते. मागची गर्दी ढकलते तरी हलत नाही. कार्डावर या दर्शनाबद्दल एवढंच आहे: 'देवाचं लग्न छान झालं. तिकडून दोन महिने पत्र नाही.'

दुपारी तिच्या सोप्यात या, पण बसायला जागा मिळायची नाही. ज्यांचे लेक, दीर, धनी पलटणीत, त्या सगळ्या बाया इथं जमतात, कारण गल्लीत लिहितावाचता येणारी ही एकटी. कुणी कमरेच्या पिशवीतून पत्र काढतं, कुणी चोळीतून. घामानं ओलावलेले कागद. गावाच्या नावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा, कडेला सेन्सॉरचा शिक्का, मधल्या ओळी काळ्या फासलेल्या. ती मोठ्यानं वाचते. बाया पदरानं वारा घेतात, माश्या हाकलतात, 'पुन्हा वाच गं' म्हणतात. तिकडे इटलीत सेनियो नदीवर याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी माराखालून जखमी सोबत्यांना पाठीवर आणलं ते याच महिन्यात, ९ एप्रिलला. गल्लीला अजून पत्ता नाही. इथं फक्त थंडीचं, चिखलाचं, डाळ-चपातीचं ऐकायला मिळतं.

एका ओळीवर तिचा आवाज अडतो. तुम्ही मागून वाकून बघा: मांडीत गोळी लागली आहे, दवाखान्यात आहे. समोर त्या पोराची आई बसलीय, तोंडाकडे टक लावून. तुमची आजी पान उलटते आणि सांगते, 'बरा आहे म्हणतोय. विश्रांती दिलीय.' त्या रात्रीच्या कार्डात तिनं आपल्या आईला विचारलंय: 'मी ती ओळ वाचली नाही. पाप लागेल का?' आईचं उत्तर ट्रंकेत नाही. मला विचाराल तर ही चार बोटांची ओळ म्हणजे सगळी आजी आहे. पुढं आयुष्यभर घरात कुणाला काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे ती ठरवत आली. ते बळ तिनं इथं, १७ व्या वर्षी, अनोळखी पोरांची पत्रं वाचताना कमावलं.

पण उठू नका इतक्यात, उत्तरं लिहायची आहेत. रॉकेल मिळत नाही, म्हणून करडईच्या तेलाचा दिवा. तो डोळ्यांत झोंबतो. टाक दौतीत बुडतो. ज्या आईला ती ओळ ऐकू आली नाही, तीच आता गुडघ्यावर हात आपटून सांगते, 'लिही पोरी. म्हैस व्याली, रेडी झाली. विहिरीचं पाणी तळाला गेलंय. आनि त्याला इचार, पायात घालाय धड हाय का?'

पायाचं नाव निघताच टाक क्षणभर थबकतो. मग ती लिहिते, म्हशीपासून सगळं, एक शब्द न गाळता.